बर्फ वितळला म्हणजे दोष सापडला असं नाही

फ्रीज-एसी दुरुस्त करणाऱ्यांच्या एका मेळाव्यात नुकतंच एका अनुभवी गृहस्थांचं भाषण झालं. त्यांचा सल्ला असा: फ्रॉस्ट फ्री फ्रीजच्या फ्रीझरमध्ये बर्फ साचायला लागला, की डिफ्रॉस्ट सेन्सर मोजत बसू नका. सेन्सर, थर्मल फ्यूज आणि जमल्यास हीटर, असा सगळा सेट एकदम बदला. तरी भागलं नाही तर गॅस बघा. आणि फ्रीज आठ-दहा वर्षांचा असेल तर गिऱ्हाइकाला सरळ नवा घ्यायला सांगा. मीटर लावून बसणारा दिवसाला दोन घरं करतो आणि न लावणारा सहा, या त्यांच्या वाक्याला टाळ्या पडल्या.

मी हाच धंदा करतो आणि नव्या मुलांना शिकवतोही. ते भाषण ऐकायला माझ्याकडे शिकून गेलेली काही मुलं आली होती, म्हणून हे लिहितो आहे. त्यांनी ते डोक्यात घेऊन कामाला लागू नये.

त्या गृहस्थांचा अनुभव खोटा आहे असं मी म्हणत नाही. सेट बदलून आल्यावर फ्रीज चालू होतो, गिऱ्हाईक खूश होतं, पैसे मिळतात. हे त्यांनी शेकडो वेळा पाहिलं असणार. माझा आक्षेप त्या अनुभवातून त्यांनी काढलेल्या निष्कर्षावर आहे. या एका बिघाडात, काहीही बदललं तरी फ्रीज चालू होतो. काहीच बदललं नाही तरीही होतो. प्लग काढून, दोन्ही दारं उघडी टाकून फ्रीज दिवसभर तसाच ठेवला आणि मागचा बर्फ पूर्ण वितळला, की तोच फ्रीज त्याच सडक्या सेन्सरसकट पुढचे काही दिवस नव्यासारखा थंड करतो. मग आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा तीच तक्रार. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत ती आणखी लवकर येते, कारण प्रत्येक वेळी दार उघडलं की दमट हवा आत जाते आणि तिच्यातलं पाणी कॉइलवर जाऊन गोठतं. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात तीच तक्रार परतायला जास्त दिवस घेते. तेवढ्यात बिल फाडून झालेलं असतं.

कुठलीही दुरुस्ती करायची तर बर्फ आधी वितळवावाच लागतो. त्यामुळे दुरुस्ती चुकीची असली तरी ती यशस्वी झाल्यासारखीच दिसते. गॅस भरणाऱ्याला वाटतं गॅसनं फरक पडला. पीसीबी बदलणाऱ्याला वाटतं कार्ड गेलं होतं. स्टॅबिलायझर बसवायला लावणाऱ्यालाही वाटतं आपलंच बरोबर होतं. प्रत्येक जण प्रामाणिक असू शकतो आणि प्रत्येक जण चूक असू शकतो. म्हणून 'बदललं आणि चाललं' हा पुरावा इथे धरताच येत नाही. बर्फ वितळण्यापूर्वी काय पाहिलं आणि काय मोजलं, एवढाच पुरावा उरतो.

आणि नेमकं तेच आमचे लोक करत नाहीत. दार उघडायचं, मागे बर्फ दिसला की बादलीभर गरम पाणी आणा म्हणायचं. पंचनाम्याआधीच जागा धुवून काढायचा हा प्रकार आहे.

आता मागच्या पत्र्याआड काय चालतं ते नीट सांगतो, कारण सेट बदलण्याचा सल्ला देणाऱ्यांचं म्हणणं या जागीच ढासळतं. फ्रॉस्ट फ्री फ्रीजमध्ये कूलिंग कॉइल फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड लपलेली असते. पंखा तिच्यावरून हवा ओढून वर फ्रीझरमध्ये आणि डक्टमधून खालच्या कप्प्यात सोडतो. हवेतलं बाष्प कॉइलच्या पात्यांवर गोठतं. ते साचत राहिलं तर पात्यांमधल्या फटी बुजतील, म्हणून ठराविक काळानं कॉम्प्रेसर थांबतो आणि कॉइलखालचा हीटर लागतो. बर्फ वितळून पाणी नळीवाटे खालच्या ट्रेमध्ये जातं. हीटर कधी लावायचा हे जुन्या फ्रीजमध्ये टायमर ठरवतो आणि नव्यात कार्ड, म्हणजे पीसीबी. पण नव्या फ्रीजमध्ये हीटर कधी *बंद* करायचा, हे कॉइलला चिकटवलेला सेन्सर सांगतो. तो साधारण १० अंश सेल्सिअसच्या आसपास, कंपनीप्रमाणे थोडं पुढे-मागे, कॉइल गरम झाल्याची बातमी देतो आणि कार्ड हीटर तोडतं.

हे १० अंश उगीच निवडलेले नाहीत. बर्फ वितळत असतो तोवर तो ० अंशावरच अडून राहतो. एक किलो बर्फ नुसता वितळायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. १५० वॅटचा हीटर असेल आणि वाटेत काहीच वाया गेलं नाही असं धरलं, तरी एका किलोला सदतीस मिनिटं होतात. या सगळ्या वेळात कॉइलचं तापमान फारसं हलत नाही. बर्फ संपला की मगच ते चढायला लागतं. म्हणजे सेन्सरनं १० अंश दाखवणं याचा अर्थ आता कॉइल मोकळी झाली. सेन्सर निव्वळ तापमान मोजत नाही, बर्फ संपल्याची साक्ष देतो. साक्ष खोटी निघाली तर बाकीचं सगळं यंत्र ठणठणीत असूनही फ्रीज गोठत जातो.

आता ही साक्ष खोटी कशी होते? सेन्सर म्हणजे पांढऱ्या किंवा काळ्या प्लास्टिकच्या टोपीत बसवलेला एक मणी. तापमान घटलं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो. आमच्या भाषेत 'दहा के'चा सेन्सर म्हणजे २५ अंशांना १० किलोओहम. तोच ० अंशाला, जातीप्रमाणे, २८ ते ३४ किलोओहम दाखवतो. बाजारात पाच के आणि २.७ के असेही असतात. ती टोपी वर्षानुवर्षं दिवसातून एक-दोनदा गोठते आणि तापते. कधी तरी वायर आत शिरते त्या जागी बारीक फट पडते, ओल आत जाते आणि मण्याच्या बाजूनं विजेला एक चोरवाट मिळते. सेन्सर पूर्ण तुटला किंवा पूर्ण शॉर्ट झाला तर चांगलं, असं मी म्हणेन. कारण मग बरीच कार्डं डिस्प्लेवर कोड दाखवतात. ओल शिरलेला सेन्सर मात्र कोड देत नाही. त्याचा आकडा शक्य वाटणाऱ्या टप्प्यातच असतो, फक्त चुकीचा असतो. 'कोड नाही म्हणजे सेन्सर ठीक' हे वाक्य मी चांगल्या चांगल्या मेकॅनिकांच्या तोंडून ऐकलं आहे. ते चूक आहे.

हिशेब करून दाखवतो. ० अंशाला ३३.६ किलोओहम देणारा चांगला दहा केचा सेन्सर घ्या. ओलीमुळे त्याला ५० किलोओहमची चोरवाट पडली असं समजा. २५ अंशांच्या खोलीत तो १० ऐवजी ८.३ दाखवेल. कार्डाला वाटेल कॉइल २९ अंशांवर आहे. चूक चार अंशांची. मीटर घेऊन आलेला माणूसही म्हणेल, जवळपास आहे की, खोलीच गरम असेल. आता तोच सेन्सर ० अंशावर न्या. ३३.६ च्या जागी तो २० दाखवेल, आणि २० किलोओहम म्हणजे कार्डाच्या लेखी १० अंश. बर्फ नुकता कुठे वितळायला लागला त्या क्षणी कार्ड समजतं की काम झालं, आणि हीटर तोडतं. वरचा थर ओला होतो, हीटर बंद झाल्यावर तो पुन्हा गोठतो, आणि या वेळी भुसभुशीत न राहता काचेसारखा घट्ट होतो. पुढच्या फेरीत त्यावर आणखी एक थर.

म्हणजे खोलीत जी चूक डोळ्यांआड होण्याइतकी बारीक असते, ती थंडीत सगळी डिफ्रॉस्टच मोडून टाकते. म्हणूनच सेन्सर खोलीत मोजून 'ओके' म्हणणं हे न मोजण्याइतकंच निरुपयोगी आहे.

रत्नागिरीकडे एका बाईंच्या घरी हाच प्रकार पाहिला. त्या घरगुती ऑर्डरी घेतात. मोदकांचं खोवलेलं खोबरं, सोलकढीसाठी काढलेला नारळाचा रस, पाहुण्यांच्या सीझनला साफ करून ठेवलेली सुरमई, असं सगळं त्यांच्या डबल डोअर फ्रीजवर चालतं. वर फ्रीझर थंड, खाली दूध नासतंय, आणि मागून पंख्याची खरखर. आधी आलेल्या मेकॅनिकनं "ताई, गॅस संपलाय" म्हणून गॅस भरला. दहा-बारा दिवस बरे गेले. पुन्हा तेच झालं तेव्हा दुसऱ्यानं लीक शोधतो म्हणून पुन्हा गॅस भरला आणि शेवटी कॉम्प्रेसरवर बोट ठेवलं. बाई मला म्हणाल्या, "दादा, आता कॉम्प्रेसर म्हणजे नवाच फ्रीज घ्यायचा ना?"

मी काही वितळवलं नाही. सामान बाहेर काढलं, स्क्रू काढले, पॅनेलची कड बर्फातून हळूच सोडवली आणि त्यांना जवळ बोलावून दाखवलं. कॉइल वरपासून खालपर्यंत, डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत, एकसारखी पांढरी. एकही वेटोळं उघडं नाही. गॅस खरंच कमी असता तर कॅपिलरीच्या, म्हणजे कॉइलमध्ये गॅस सोडणाऱ्या बारीक नळीच्या, तोंडाजवळची पहिली एक-दोन वेटोळीच पांढरी दिसली असती आणि पुढची कॉइल कोरडी किंवा नुसती दमट राहिली असती. अपुरा गॅस सगळ्या कॉइलभर बर्फ धरूच शकत नाही. एवढा बर्फ जमवायला कॉम्प्रेसर आणि गॅस दोन्ही धडधाकट लागतात. हे बघायला मीटरही लागत नाही, फक्त गरम पाणी ओतण्याआधी डोळे उघडे लागतात.

मग कार्डाला हातानं डिफ्रॉस्टवर टाकलं. बहुतेक इलेक्ट्रॉनिक फ्रीजमध्ये तशी सोय असते, कधी बटणांच्या जोडीनं, कधी कार्डावरच्या पिनांनी. हीटरच्या वायरवर क्लॅम्प मीटर लावला. १५० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर साधारण ०.६५ अँपिअर घेतो, तेवढा करंट आला. म्हणजे हीटर, थर्मल फ्यूज आणि कार्डाचा रिले, तिघंही सुटले. थोड्याच वेळात करंट शून्य झाला. कॉइल अजून पांढरीच होती, फक्त खालची कड ओली झाली होती. कार्डाला कोणीतरी 'गरम झालं' असं सांगितलं होतं. ते सांगणारा एकच असतो.

सेन्सर सोडवला. कनेक्टरमधून काढून, कार्डापासून वेगळा करून खोलीत मोजला. साडेसात किलोओहम. खोली २८ अंशांवर होती, तेव्हा पावणेनऊच्या आसपास यायला हवे होते. नुसत्या या आकड्यावर मी काहीच बोललो नसतो. मग एका पेल्यात बर्फाचा चुरा, वर पाणी, चमच्यानं ढवळून मिश्रण केलं आणि सेन्सरची टोपी त्यात बुडवली, कनेक्टर वर कोरडा ठेवून. आकडा चढत चढत विसावर आला आणि तिथेच थांबला. त्याच नंबरचा नवा सेन्सर माझ्या पेटीत होता, तो त्याच पेल्यात शेजारी बुडवला. तो ३३ च्या वर गेला. बाईंनी दोन्ही आकडे स्वतः वाचले. गॅस भरण्याच्या दोन बिलांपुढे त्या सेन्सरची किंमत काहीच नव्हती.

पेल्यातल्या बर्फाबद्दल दोन शब्द. फ्रीझरमधून काढलेला नुसता कोरडा बर्फ ० अंशाचा नसतो, तो बराच खाली असतो. पाणी घालून, ढवळून, थोडा वितळू दिला की मिश्रण ० अंशावर येतं आणि बर्फ आहे तोवर तिथेच राहतं. मीठ घालू नये, ते आकडा खाली ओढतं. आणि दोन्ही प्रोब बोटांनी दाबून धरू नयेत. आपल्या अंगातून वाट मिळते आणि मोठ्या रेझिस्टन्सचा आकडा खाली येतो. क्लिपा वापराव्यात. एवढं पाळलं तर या पेल्याइतकं खात्रीचं माप कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही, आणि हे प्रत्येक घरात फुकट आहे.

आता वेळेचा मुद्दा. दिवसाला दोन घरं की सहा? मी वर सांगितलं ते सगळं, कॉइल बघणं, करंट बघणं, पेला, मिळून अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. बर्फ वितळवायला याहून जास्त वेळ जातो, आणि तो सेट बदलणाऱ्यालाही द्यावाच लागतो. वेळ वाचतो हे म्हणणं फक्त तेव्हा खरं ठरतं, जेव्हा परत आलेल्या तक्रारीचा वेळ हिशेबात धरला जात नाही. तो गिऱ्हाइकाच्या खात्यावर टाकला जातो. दूध फेकतं ते, मासे फेकतं ते, ऑर्डर रद्द करतं ते.

'सेन्सर स्वस्त आहे, मोजण्यापेक्षा बदललेला बरा' हे म्हणणं वरवर शहाणपणाचं दिसतं आणि म्हणून जास्त घातक आहे. नवा सेन्सर बरोबरच असतो, असं गृहीत धरून ते चालतं. दुकानात पिशवीतून सुटे सेन्सर मिळतात, त्यांवर कधी आकडा छापलेला असतो, कधी नसतो. दहा केच्या जागी पाच केचा बसवला तर कार्ड प्रत्येक तापमान कितीतरी जास्त समजेल. म्हणजे आपण पैसे घेऊन नवा बिघाड बसवला. दोन्ही दहा केचे असले तरी ० अंशाला एक २८ दाखवणार आणि दुसरा ३४, हेही चालत नाही. नवा माल पेल्यात न बुडवता बसवणं म्हणजे जुना न मोजता काढण्याचीच पुढची पायरी.

उलट्या बाजूनं बिघडलेला सेन्सरही असतो. तो कॉइल आहे त्याहून थंड सांगतो. मग हीटर वेळेवर तुटत नाही, वेळेच्या मर्यादेपर्यंत तापत राहतो, आणि कधी तरी सत्तर अंशांच्या आसपास तुटणारा थर्मल फ्यूज उडतो. मेकॅनिक येतो, फ्यूज उडालेला बघतो, फ्यूज बदलतो, जातो. काही दिवसांनी तोही उडतो. मग 'लोकल फ्यूज टिकत नाही' असं म्हणून कोणी तो सरळ जोडून टाकतो, म्हणजे फ्यूजच नाही. प्लास्टिकच्या पेटीत, आता बहुतेक ठिकाणी ज्वलनशील गॅसच्या कॉइलशेजारी, बेलगाम हीटर. हे मी पाहिलं आहे, आणि ते पाहून मला राग येतो. फ्यूजचं काम आगीपासून वाचवायचं आहे. तो परत परत उडतो तेव्हा त्याला गप्प करायचं नसतं, तो का उडतो ते विचारायचं असतं.

जुन्या टायमरवाल्या फ्रीजमध्ये सेन्सरऐवजी बायमेटल असतो, आणि तिथे न समजता मोजण्यानंही तितकंच नुकसान होतं. बायमेटल थंडीत जोडला जातो आणि गरम झाल्यावर तुटतो. टेबलावर, खोलीच्या तापमानाला, तो तुटलेलाच असायला हवा. तरी कितीतरी चांगले बायमेटल 'कंटिन्युइटी नाही' म्हणून कचऱ्यात गेले आहेत. बर्फाच्या पेल्यात तो कदाचित जोडलाही जाणार नाही, कारण बऱ्याच जातींना ० अंशापेक्षा बरंच खाली जावं लागतं. त्याला चालू फ्रीझरमध्ये, शेजाऱ्यांच्याही चालेल, चांगला गोठवून मगच मोजायचं. मीटर हातात असणं पुरेसं नाही, समोरच्या वस्तूनं कधी काय दाखवायला हवं हे आधी माहीत हवं.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र गॅसच्या त्या सवयीनं होतं. 'तरी भागलं नाही तर गॅस बघा' हे वाक्य भाषणात सहज बोललं गेलं, पण गॅस बघणं म्हणजे कारखान्यात बंद केलेली सिस्टीम कापणं. आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो पेट घेतो. तो भरायचाही थोडा असतो, बऱ्याच फ्रीजमध्ये ३० ते ७० ग्रॅमच्या दरम्यान, त्यामुळे चार-पाच ग्रॅम इकडे-तिकडे झाले तरी थंडावा बिघडतो. अचूक वजनकाटा, नवा फिल्टर ड्रायर, नीट व्हॅक्यूम, हे काही न करता हाताच्या अंदाजानं भरलेला गॅस म्हणजे चांगल्या सिस्टीमचा केलेला बिघाड. त्यातून एक अडचण अशी की हा गॅस उणे ११.७ अंशांना उकळतो, म्हणून फ्रीझर चालू असताना कॉइलमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी असतो. चुकीचा व्हॉल्व्ह बसवला तर गॅस बाहेर जाण्याऐवजी ओलसर हवाच आत ओढली जाते. ओल कॅपिलरीत गोठते आणि फ्रीज चोक होतो. आता खरोखरच वितळवलं की तात्पुरतं चालणारा दुसरा आजार तयार झाला. फरक एवढाच की ओलीचा चोक काही तासांत परततो, डिफ्रॉस्टचा बिघाड काही दिवसांत. हा फरकही विचारल्याशिवाय कळत नाही: ताई, मागच्या वेळी बंद करून सुरू केल्यावर किती दिवस चाललं? हा प्रश्न फुकट आहे आणि तरी आमच्यातले फार थोडे विचारतात.

कोणी म्हणेल, सेन्सर चांगला असूनही बर्फ साचतो की. साचतो. गॅस्केट फाटलं तर दाराकडच्या बाजूला आणि सामानावर भुरभुरीत बर्फ दिसतो. निचऱ्याची नळी तुंबली तर फ्रीझरच्या तळाशी बर्फाची लादी होते आणि खाली भाजीच्या ट्रेमध्ये पाणी येतं. आधीच्या माणसानं सेन्सरची क्लिप कॉइलवर परत न लावता तो हीटरजवळ लोंबता सोडला असेल, तर शंभर नंबरी सेन्सरही खोटं बोलेल. मी सेन्सरलाच दोषी ठरवा असं म्हणत नाही. या प्रत्येक कारणाची खूण वेगळी आहे आणि ती खूण बर्फातच लिहिलेली असते, हे माझं म्हणणं आहे. सगळा सेट बदलणाऱ्याला यातलं एकही कारण सापडणार नाही, कारण ही कारणं सेटमध्ये नसतातच.

राहिला नवा फ्रीज घ्या हा सल्ला. कॉम्प्रेसर आणि सिस्टीम शाबूत असलेला फ्रीज एका मण्याच्या चुकीपायी भंगारात घालायला लावणं, हे मला साध्या शब्दांत अन्यायाचं वाटतं. हप्त्यावर घेतलेला तो फ्रीज अनेक घरांत घरातल्या सगळ्यात महाग वस्तूंपैकी एक असतो. ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांनी, जे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, फ्रीजच्या विल्हेवाटीची जबाबदारी कंपन्यांवर टाकली आहे. पण तो फ्रीज भंगारात जायलाच नको होता हे ठरवणारा माणूस स्वयंपाकघरात स्क्रूड्रायव्हर घेऊन उभा असतो, आणि तिथे नियम पोचत नाही.

कंपन्यांनाही यातून सोडता येत नाही. फ्रीजच्या पाठीवर वायरिंगचा आकृती-कागद बहुधा चिकटवलेला असतो. त्याच कागदावर सेन्सरचे तीन आकडे, २५ अंशांना किती, ० ला किती, उणे २० ला किती, छापायला काय अडचण आहे? शाई तेवढीच लागते. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या विषयांत घरगुती उपकरणंही होती, आणि त्याच वर्षअखेरीस या हक्काचं पोर्टल सुरू झालं. दुरुस्तीचा हक्क म्हणजे फक्त सुटा भाग विकत मिळण्याचा हक्क नव्हे. तो भाग चांगला आहे की वाईट हे ठरवायचा आकडा मिळाला नाही, तर विकत मिळणाऱ्या भागांनी फक्त विक्री वाढते.

घरच्यांनी स्वतः पॅनेल उघडावं असं मी सुचवत नाही. आत २३० व्होल्टचा हीटर आहे. सुरीनं किंवा स्क्रूड्रायव्हरनं बर्फ खोदणाऱ्यांनी ॲल्युमिनियमची कॉइल फोडून खरोखरचा गॅस लीक करून घेतलेला आहे, आणि तो गॅस पेटणारा आहे. पण मेकॅनिकला चार गोष्टी करायला लावायचा हक्क घरच्यांना आहे. वितळवण्याआधी कॉइल दाखवा आणि तिचा फोटो काढू द्या. हीटर किती करंट घेतो आणि तो कॉइल पांढरी असतानाच तुटतो का, ते दाखवा. काढलेला आणि नवा सेन्सर एकाच पेल्यात बुडवून दोन्ही आकडे दाखवा. आणि ते आकडे बिलावर लिहा, तारखेसह. तक्रार परत आली तर पुढच्या माणसाला, किंवा ग्राहक आयोगाला, दाखवायला तेवढाच कागद लागतो.

माझ्याकडे शिकून गेलेल्या मुलांना एवढंच सांगतो की बिलावर हे आकडे आजपासूनच लिहायला लागा, गिऱ्हाइकानं मागितले नाहीत तरी.